माळकऱ्याबरोबर सँडविचची वारी

जर्सी सिटीत दादाकडे येऊन आठवडा होत नाही तोवर अण्णा कंटाळले. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघून झाला. टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून ‘ह्याचं लाइटबिल कोण भरतं’ असं विचारून झालं. वहिनीनं सुपरमार्केटात नेलं, तर दहा मिनिटांत बाहेर येऊन बाकावर बसले. ‘‘आत माणूसच नाही गं कोण. कुणाला विचारायचं, कुणाशी बोलायचं? ह्यांच्याकडं आपल्यासारखी दुकानं नाहीत का?’’

अण्णांचं कराडला शुक्रवार पेठेत वाणसामानाचं दुकान होतं. एक्केचाळीस वर्षं चालवलं, सात वर्षांपूर्वी बंद केलं. मी पोत्यांच्या आडोशाला बसून अभ्यास केलेली पोर, त्यामुळं त्यांना काय बघायचंय ते मला लगेच कळलं. न्यूयॉर्कात तशी दुकानं आहेत. इटालियन लोकांची. त्यांना डेली म्हणतात आणि लोक तिथं लांबलांबून सँडविच खायला येतात. अडचण एवढीच, की अण्णा माळकरी, आणि ही दुकानं छताला डुकराच्या तंगड्या टांगून बसलेली. मी बाहेर सगळं खाते, गोमांस तेवढं सोडून. अण्णांना हे माहीत आहे. घरात त्यावर कुणी बोलत नाही.

‘‘वास येईल हं,’’ मी आधीच सांगून ठेवलं.

‘‘शेजारच्या गाळ्यात चाळीस वर्षं सुके बोंबील विकत होते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वासाचं मला सांगू नकोस.’’

मंगळवार : ब्लीकर स्ट्रीट

जर्नल स्क्वेअरहून पाथची गाडी धरली, नदीखालून क्रिस्टोफर स्ट्रीटला निघालो आणि तिथून चालत ब्लीकर स्ट्रीटवर. फाइकोज हे दुकान १९०० सालापासूनचं. पाटीवर अजून ‘पोर्क स्टोअर’ आहे, म्हणजे मुळात हा डुकराच्या मांसाचा खाटीक. अण्णा दारात क्षणभर थांबले, गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि आत शिरले. माळेला कशाला दाखवायचं, असं काहीसं.

आत गेल्यावर मात्र त्यांनी काउंटरकडं बघितलंच नाही. आधी फळ्या. टोमॅटोचे डबे, ऑलिव्ह तेलाचे पत्र्याचे डबे, पास्त्याची पाकिटं, बरणीतल्या मिरच्या. एक डबा किंचित उचलून त्यांनी मागं बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. धूळ नव्हती. ‘‘माल हलतोय,’’ असा शेरा मिळाला.

मग काउंटर. पलीकडं एक आडदांड माणूस हॅमचे काप काढत होता. गोल पातं गरगर फिरतंय, एका हातानं तो मांसाचा लोळा पुढंमागं सरकवतोय आणि दुसऱ्या हाताच्या पंजावर काप झेलतोय. काप इतका पातळ की पंजाची बोटं त्यातून दिसतात. गिऱ्हाइकानं पाव पौंड मागितला. यानं कागदावर घातलेली थप्पी काट्यावर ठेवली, तर आकडा पाव पौंडावर किंवा त्याच्या नखाएवढा पुढं. अण्णांनी माझं कोपर दाबलं. ‘‘हात बसलाय ह्याचा.’’ अण्णांकडून हे प्रशस्तिपत्र फार थोड्यांना मिळतं. दुकानातल्या गड्यांपैकी एकालाच मिळालं होतं, आणि तो पुढं स्वतःचं दुकान टाकून आमच्याच समोर बसला.

सँडविच कसं भरतात ते मी दोन माणसांची पाळी सोडून देऊन बघितलं. हातभर लांब पाव उभा चिरायचा, पण पाठ जोडलेली ठेवायची. आतला थोडा मऊ गर बोटांनी काढून टाकायचा, नाहीतर सारण मावत नाही. मग मांसाचे काप. ते पोळीसारखे पसरत नाहीत, रुमाल चुरगाळावा तसे हलके दुमडून टाकतात. पसरले तर एकमेकांना चिकटून त्यांचा कातडी पट्टा होतो आणि पहिल्याच घासाला अख्खी पट्टी बाहेर ओढली जाते. त्यावर ताजं मोझरेला, भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, वरून तेल, व्हिनेगर आणि ओरेगॅनो. पांढऱ्या कागदात आवळून गुंडाळलं, कागदासकट मधोमध कापलं, चिकटपट्टी लावली. संपलं. न्यूयॉर्कात या प्रकाराला हीरो म्हणतात. तेच फिलाडेल्फियात होगी होतं आणि बाकी बऱ्याच ठिकाणी सब.

अण्णांसाठी नुसतं मोझरेला आणि मिरची सांगितलं. ‘मांस अजिबात नको, हातमोजे बदलाल का,’ असं विचारायला मला उगीच ओशाळं वाटत होतं. त्या माणसानं काही न बोलता हातमोजे बदलले, नवा कागद ओढला आणि वेगळी सुरी घेतली. चीज मशीनवर नाही, सुरीनं कापतात, हे अण्णांनी टिपलं.

जवळच फादर डेमो स्क्वेअर नावाचा तिकोनी चौक आहे. मधे कारंजं, भोवती बाक, समोर अवर लेडी ऑफ पॉम्पेई हे इटालियन वस्तीचं चर्च. तिथं बसून खाल्लं. माझ्या अर्ध्या हीरोनं मला जेवणभर पुरलं. खारट हॅम, सोप्रेसाता नावाचं तिखटसर सुकं सॉसेज आणि मधेच मोझरेलाचा दुधाळ गारवा. पावाच्या कडकडीत सालीनं टाळू सोलून निघाली, पण व्हिनेगर मुरलेला खालचा भाग असा काही लागतो की मांस नसतं तरी चाललं असतं. अण्णांनी पाव बोटानं दाबला, चावला, पुन्हा दाबला. ‘‘ह्याच्याबरोबर बुडवायला काही देत नाहीत होय?’’ आणि मग बराच वेळ गप्प. मला वाटलं आवडलं नाही. पण ते हिशेब करत होते. ‘‘आपण आत होतो तेवढ्या वेळात सँडविचला वीसेक माणसं आली. पास्ता-बिस्ता घ्यायला दोन. ह्यांचं दुकान सँडविचवर तगलंय. वाणाच्या मालावर नाही.’’

हे मी आजवर लक्षात घेतलं नव्हतं. पुढचे चार दिवस आम्ही दोघं तेच मोजत राहिलो.

बुधवार : लिटल इटली

निराशेचा दिवस. मलबेरी स्ट्रीटवर आता दारात उभं राहून ‘या, बसा’ करणारे वेटर आणि लाल-पांढऱ्या-हिरव्या झिरमिळ्या. अण्णा म्हणाले, जत्रेतल्यासारखं वाटतंय.

१८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक दक्षिणेचे, म्हणजे नेपल्स, कॅलाब्रिया, सिसिली इकडचे गरीब शेतकरी. १९२४ च्या कायद्यानं दार जवळजवळ बंद झालं. लिटल इटलीत १९१० च्या सुमारास दहाएक हजार इटालियन दाटीवाटीनं राहायचे. पुढं पोरं शिकली, उपनगरांत गेली, आणि शंभर वर्षांनी जनगणना खात्याच्या पाहणीत या भागात इटलीत जन्मलेला एकही रहिवासी सापडला नाही. आता भोवती सगळं चायनाटाउन आहे. ग्रँड आणि मलबेरीच्या कोपऱ्यावरचं अलेव्हा हे १८९२ सालचं चीजचं दुकान २०२३ मध्ये बंद झालं आणि नदीपार न्यू जर्सीत गेलं. ‘‘भाडं?’’ अण्णांनी विचारलं. हो, थकलेलं भाडं. त्यांनी मान हलवली आणि त्या कोपऱ्याकडं, कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर बघावं तसं, जरा जास्तच वेळ बघितलं.

तिथून एक चौक सोडून, ग्रँड आणि मॉटच्या कोपऱ्यावर, डी पालो मात्र उभं आहे. १९१० मध्ये दक्षिण इटलीतल्या एका शेतकऱ्यानं काढलेलं दुधाच्या पदार्थांचं दुकान, आता चौथी-पाचवी पिढी बघते. आत गेलं की नंबराचा कागद फाडून घ्यायचा. आमचा ८७ आणि चालू होता ६१. गर्दी फार नव्हती, पण प्रत्येक गिऱ्हाइकाशी गप्पा. हे चीज कुठल्या डोंगरातलं, किती महिने मुरलंय, घ्या चाखून बघा, आईची तब्येत कशी आहे. मला तर सुरुवातीला घड्याळाकडं बघवेना. अण्णा मात्र पहिल्यांदाच खुशीत होते. ‘‘घाई असेल त्यानं ते दुसरीकडं, माणूस नसलेल्या दुकानात जावं,’’ असं म्हणून ते प्रोव्होलोनखाली जाऊन उभे राहिले. प्रोव्होलोन म्हणजे दुधीभोपळ्याएवढं चीज, दोरानं आवळून छताला टांगतात. दोराची गाठ कशी मारलीय ते बघायला त्यांनी चष्मा लावला.

इथं मला प्रोश्युटोची गंमत कळली. पार्मा गावचं हे मीठ लावून मुरवलेलं मांस अमेरिकेत १९६७ ते १९८९ आणूच देत नव्हते. डुकरांच्या रोगाची भीती. मोर्तादेलाला तर परवानगी मिळाली २०००च्या सुमारास. ‘‘मग बावीस वर्षं ही मंडळी काय विकत होती?’’ अण्णांचा प्रश्न. इथंच, अमेरिकेत बनवलेलं. ‘‘आणि पाटी?’’ त्याचं उत्तर मला देता येईना. अण्णांना मात्र ते ठाऊक असावं. बेळगावी लोणी म्हणून काय-काय खपतं ते त्यांनी बघितलंय.

परतताना एक प्रसंग ओढवला. एका दुकानात, नाव घेत नाही, काचेमागं भाताचे तळलेले लाडू होते, हुबेहूब मोठे बटाटेवडे. ‘चीज अँड राइस, नो मीट’ असं पोरानं दोनदा सांगितलं. अण्णांनी सवयीनं आधी बोटांनी फोडून बघितला. आत वाटाण्यांबरोबर खिमा. पोर म्हणाला, ‘थोडासाच आहे.’ अण्णांनी काही न बोलता लाडू माझ्या हातात दिला, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि घरी जाईपर्यंत काही खाल्लं नाही. मी मात्र तो खाल्ला. चांगला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

गुरुवार : ब्राँक्स, आर्थर अॅव्हेन्यू

डी गाडीनं फोर्डहॅम रोडला उतरून पंचवीसेक मिनिटं चाललो. खरा इटालियन मोहल्ला आता हा, एका अंगाला फोर्डहॅम विद्यापीठ आणि दुसऱ्या अंगाला प्राणिसंग्रहालय. कबूल करते, इथंही इटालियन कमी झालेत. चौकात अल्बेनियन कॉफीवाले आणि मेक्सिकन टाकोवाले आहेत. पण दुकानं टिकलीत, आणि शनिवारी उपनगरांतल्या नातवंडांच्या गाड्या वाण भरायला इथंच येतात, असं काउंटरवरच्या बाईनं सांगितलं.

आधी मंडई. रस्त्यावर हातगाड्या लागायच्या. १९४० मध्ये महापौर ला ग्वार्डियांनी त्या उठवून आत आणल्या आणि डोक्यावर छप्पर दिलं. महापौर स्वतः इटालियन बापाचे, तरी गाडीवाल्यांवर त्यांचा राग. अण्णांना कराडची मंडई आठवली आणि गाळेवाटपाचं काय झालं असेल हे प्रश्न सुरू झाले, ज्यांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. आत माइक्स डेली आहे. तिथल्या माणसानं अण्णांना बघताच ‘पापा!’ म्हणून हाक मारली आणि एक ऑलिव्ह पुढं केलं. अण्णांनी ते आवळा असल्यासारखं तोंडात टाकलं आणि बी हातात घेऊन टाकायला जागा शोधत मंडईभर फिरले.

जवळच टाइटेल ब्रदर्स. इटालियन मालाचं १९१५ सालचं दुकान, पण मालक ज्यू. उंबऱ्याशी फरशीत सहा टोकांची चांदणी जडवली आहे, १९३०च्या दशकात, ‘आम्ही कोण ते उघड असू दे’ म्हणून. त्यावरून पाय टाकूनच आत जावं लागतं. अण्णांनी तो न टाकता लांब ढांग टाकली.

बोर्गातीकडं पास्त्याची पिठाची चादर तुमच्यासमोर हवी तेवढी रुंद कापून देतात. कॅलाब्रिया पोर्क स्टोअरचं छत म्हणजे सॉसेजचं जंगल, वरचं प्लॅस्टर दिसतच नाही. तिथं अण्णा बाहेर थांबले. मी अर्धा पौंड सोप्रेसाता घेतली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

पण जिच्यासाठी आलो ती गोष्ट १८७व्या रस्त्यावर, कासा देला मोझरेलात. दही लागल्यासारखे घट्ट, पांढरे दुधाचे ठोकळे असतात, त्यांना कर्ड म्हणतात. आपल्या पनीरचा थोरला भाऊ. कामगार तो ठोकळा चिरून मोठ्या घमेल्यात टाकतो, वरून हात भाजेल असं गरम पाणी ओततो आणि लाकडी वल्ह्यानं ढवळतो. पहिले दोन मिनिटं काही होत नाही, नुसता चुरा पोहतो. मग एकाएकी चुऱ्याला ओढ येते. तो वल्ह्यावर घेऊन वर उचलतो आणि ते पांढरं, चकचकीत, ओल्या रेशमासारखं खाली लोंबायला लागतं. घडी घातली, पुन्हा ओढलं, पुन्हा घडी. फार ओढलं तर रबर होतं, कमी ओढलं तर भुसभुशीत. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून लाडूएवढा गोळा वर ढकलायचा आणि चिमटीत पकडून तोडायचा. इटालियनमध्ये मोत्सारे म्हणजे तोडणं, मोझरेला हे नाव त्यावरूनच. तुटलेला गोळा खारट पाण्यात.

अण्णा काचेला नाक लावून उभे. ‘‘मैसूरपाकवाल्यासारखंच. नजर हटली की गेलं.’’ मग एकदम : ‘‘दूध फाडतात कशानं?’’

हा प्रश्न येणार हे मला मंगळवारपासून माहीत होतं. खरं ते सांगितलं. जुन्या रीतीनं वासराच्या पोटातल्या अस्तरातून काढलेलं विरजण लागतं, त्याला रेनेट म्हणतात. अण्णा गप्प झाले. पण १९९० पासून अमेरिकेत तेच रसायन बुरशी-जिवाणूंकडून प्रयोगशाळेत करून घ्यायला परवानगी आहे आणि इथलं बहुतेक चीज त्यावरच होतं. मोझरेला तर कधी-कधी नुसत्या आंबटानंही करतात. इटलीहून येणारं पार्मिजानो मात्र नियमानुसार वासराच्याच विरजणाचं.

अण्णांनी विचार केला. बराच केला. ‘‘इथलं चालेल,’’ ते म्हणाले, ‘‘तिकडचं नको. आणि हे वहिनीला बोलू नकोस, ती उगाच पनीरचं पण काढत बसेल.’’ मग काउंटरवरून एक गोळा मागितला. कोमट, मीठ जेमतेम, दाबला की दूध सुटतं. ‘‘पाऊण पौंड असेल,’’ अण्णा तळहातावर तोलून म्हणाले. काट्यावर ०.७८ आलं. आतल्या पोरानं हसून अंगठा दाखवला. आम्ही मॅडोनियाचा, १९१८ पासूनच्या भट्टीचा, पाव घेतला आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून हातानं तोडून खाल्लं. तेल नाही, मिरची नाही. पाचही दिवसांत मला सर्वांत चांगलं लागलं ते हेच, आणि ते सँडविच नव्हतंच.

शुक्रवार : रेड हुक

गाडी चुकली. माझी चूक. अण्णा एका स्टेशनावर ‘ही नव्हे’ म्हणाले होते. स्मिथ–नाइन्थ स्ट्रीट्सला पोचेपर्यंत एक वाजला. हे स्टेशन एवढं उंच बांधलंय की उतरताना एकामागून एक सरकते जिने. खाली आल्यावर महामार्गाच्या खांबांखालून, ट्रकच्या धुरात चालत जायचं. ‘‘दुकान टाकायला ही जागा?’’ अण्णा म्हणाले. मग डिफॉन्टेज दिसलं. एका बैठ्या इमारतीचा कोपरा, बाकी काही नाही.

इथं पूर्वी बोटींचा धक्का होता. १९२२ मध्ये हे दुकान निघालं ते गोदीतल्या हमालांसाठी, म्हणूनच सँडविच एवढं मोठं. दिवसभर पोती उचलणाऱ्याला दोन वेळचं एकदम लागतं. मग १९५६ मध्ये नेवार्कच्या बंदरातून कंटेनर लादलेलं पहिलं जहाज ह्यूस्टनला गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सगळा माल नदीपार न्यू जर्सीच्या नव्या धक्क्यांवर सरकला. इथली गोदी ओस पडली. हे अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा चुलतभाऊ, आमचे बापूकाका, पाटण तालुक्यातून मुंबईला गोदीत माथाडी होता. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा पाटण-कराडच्या गावागावांत पेढे वाटले होते, असं अण्णा सांगतात. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं आणि हळूहळू बापूकाकांच्या पाळ्या कमी झाल्या. ‘‘बापूच्या खाणावळवालीला पण असंच झालं असणार,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ती कुठं गेली कुणाला ठाऊक.’’

ही गेली नाही. आता रांगेत ट्रकवाले, पोलिस, नळदुरुस्तीवाले आणि आमच्यासारखे पायपीट करत आलेले. इथली खासियत तळलेलं वांगं. साल काढून पातळ काप, अंगाला नुसतं जेवढ्यास तेवढं आवरण आणि कढईतून आलेले गरम. मांसाच्या सँडविचमध्येही ते घालतात, पण अण्णांना मांसाशिवाय मिळालं. वांगं, ताजं मोझरेला, भाजलेली मिरची. पहिला घास घेऊन अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘आता कसं!’’ चार दिवसांत पहिल्यांदा. वांग्याच्या कापांना आमच्या घरी जे स्थान आहे ते पाहता हे होणारच होतं. आई असती तर म्हणाली असती, तांदळाचं पीठ लावलं असतं तर अजून कुरकुरीत झाले असते.

पाटीवर बटाटा-अंडं, मिरची-अंडं असेही हीरो होते. कॅथलिक लोक पूर्वी शुक्रवारी मांस खात नसत, ईस्टरच्या आधी येणाऱ्या लेंटच्या चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी अजूनही बरेच जण पाळतात. त्या उपासासाठी निघालेले हे प्रकार. म्हणजे माळकऱ्याची सोय इथं आधीच कुणीतरी करून ठेवली होती. अंडं मात्र अण्णांना चालत नाही, तेव्हा ती सोय अर्धीच.

रांगेतला एक माणूस ‘गाबागूल’ मागत होता. पाटीवर कुठं दिसेना. हे म्हणजे कापिकोला, डुकराच्या मानेचं मांस. मोझरेलाला ‘मुत्झ’, रिकोटाला ‘रिगोट’. मला आधी वाटलं गावठी उच्चार. पण हे त्या पणजोबांच्या गावच्या बोलीचे उच्चार आहेत. इटली एक देश झाला १८६१ मध्ये, शाळेतली प्रमाण इटालियन खेड्यांत पोचायच्या आत हे लोक बोटीत बसले. तिकडं भाषा बदलली, इकडं शेवटचा स्वर खाऊन बोलण्याची रीत तशीच राहिली. तंजावरच्या मराठी लोकांचं बोलणं ऐकलेल्याला हे चटकन कळेल.

परत येताना कोर्ट स्ट्रीटवर कापुटोजमध्ये नुसतं डोकावलो. शेजारपाजारची जुनी डुकराच्या मांसाची दुकानं मिटलीत, दारात डुकराचा पुतळा उभा करणारं एस्पोझिटोज २०१९ मध्ये गेलं. कारण कुणीतरी सांगितलं ते साधं होतं : भाऊ म्हातारे झाले आणि दमले. अण्णांनी त्यावर काही विचारलं नाही.

शनिवार : कोरोना

क्वीन्समधल्या या भागाचं नाव ऐकून वहिनीनं कपाळावर आठ्या घातल्या. वस्तीचं नाव साथीच्या फार आधीपासूनचं आहे. सात नंबरची गाडी वाटेत जॅक्सन हाइट्सवरून जाते. तिथं साड्यांची दुकानं बघून अण्णांना उतरावंसं वाटलं. मी उतरू दिलं नाही.

१०४व्या रस्त्यावर लिओज लात्तिचिनी. लात्तिचिनी म्हणजे दुधाचे पदार्थ. पण सगळे त्याला ‘मामाज’ म्हणतात.

‘‘कुणाच्या मामाचं?’’

‘‘मामा म्हणजे आई, अण्णा.’’

‘‘मग मामाला काय म्हणतात?’’

‘‘झिओ.’’

हे त्यांना पटलं नाही. मामा म्हणजे नॅन्सी डीबेनेडिट्टिस, त्यांनी आयुष्यभर हे दुकान सांभाळलं आणि मोहल्ल्याला खाऊ घातलं. आता त्या नाहीत. जवळच्या सरकारी शाळेला त्यांचं नाव दिलंय. किराणा दुकानदारणीच्या नावानं शाळा! अण्णांनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आत इटालियन कमी, स्पॅनिश जास्त ऐकू आलं. मोहल्ला आता इक्वेडोर, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिकच्या लोकांचा. त्यांचीच पोरं ‘मामाज स्पेशल’ मागत होती : सलामी, मिरेवालं हॅम, मोझरेला, मुरवलेली मिरची आणि मशरूम. मी तेच घेतलं. इथं मिरची-मशरूमचं तेल पावात असं झिरपतं की कागद पारदर्शक होतो, तीन हातरुमालही पुरत नाहीत. ब्लीकरचं सँडविच नीटनेटकं, रेड हुकचं दांडगं, हे घरच्यासारखं. तिघांत निवड करायला लावली तर मी हे घेईन, आणि कुणी का विचारलं तर तेल असं उत्तर देईन.

अण्णांनी अर्धा पौंड मोझरेला आणि मिरच्या घेतल्या. काउंटरवरच्या बाईंनी पुडी बांधताना आणखी एक मिरची वर टाकली, वजन झाल्यावर. अण्णा थबकले. कराडला आम्ही गुळाच्या ढेपेवरचा खडा असाच टाकायचो, पोर बरोबर असेल तर तिच्या हातात. दुकानातल्या फळ्यांवर मात्र, मी बघितलं, पास्त्याची पाकिटं विरळ होती. अण्णांनीही बघितलं असणार. बोट फिरवलं नाही.

खाऊन चालत १०८व्या रस्त्याला गेलो. लेमन आइस किंग १९४४ पासून तिथं बर्फाचा लिंबू-गोळा विकतो, कागदी कपात, चमचा न देता. समोरच्या छोट्या बागेला स्पॅगेटी पार्क म्हणतात. तिथं म्हातारे बोची खेळतात. मोठ्या, जड, रंगीत गोट्याच म्हणा, एक छोटा चेंडू आधी टाकायचा आणि जो त्याच्या सर्वांत जवळ जाईल त्याचा डाव. अण्णा कठड्याला टेकून कप चोखत उभे राहिले. दहा मिनिटांत त्यांना खेळ कळला, पंधराव्या मिनिटाला ते मनातल्या मनात बाजू घ्यायला लागले.

एक डाव अडला. हिरवा चेंडू जवळ की लाल, यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. एकानं कठड्याकडं वळून अण्णांना हातानंच विचारलं : तुम्ही सांगा. अण्णांनी कप माझ्याकडं दिला, चष्मा सारखा केला, खाली वाकून एक डोळा मिटला आणि बोट दाखवलं. लाल.

खिशातून टेप निघाली. मापलं. हिरवा जवळ होता, चांगला दोन बोटं.

‘‘चष्म्याचा नंबर वाढला वाटतं,’’ अण्णा म्हणाले आणि हात पुढं केला. ‘‘दे तो कप. विरघळला असेल.’’